पाय किती, पाठ किती

मंगळवारी सकाळी सात वाजता माझी उंची १५१.२ सेंटीमीटर होती आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला ती १५०.४ भरली. मधल्या वेळात मी शाळेत गेले, दोन तास खो-खो खेळले आणि आठ मिलिमीटर कुठेतरी सांडून आले. माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो. उंची कशी विसरेल?

मला वाटलं, मापाडी बिघडला.

मापाडी म्हणजे आमच्या आजोबांचा यंत्रमानव. बाजार समितीत धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, त्यावरून आजोबांनी त्याला हे नाव दिलं. त्याचा एक हात लांब आहे, एक आखूड आणि कपाळावर प्रकाशाची एक बारीक रेघ आहे. ती रेघ अंगावरून फिरली की केसाच्या जाडीइतकाही फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. विनोद मात्र सगळे सुटतात.

"तू चुकलास," मी त्याला म्हटलं.

"दोन्ही मापं बरोबर आहेत," तो म्हणाला.

"दोन्ही कशी बरोबर असतील? मी एकच आहे ना?"

"सकाळी एक होतीस. संध्याकाळीही एकच आहेस."

एरवी मी नाद सोडून दिला असता. पण त्या आठवड्यात मापाडी बिघडून चालणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा त्याच्या मापांवरून इरा आत्याची सायकल जोडणार होते.

माझे आजोबा, डॉ. दिनकर जमदाडे, धातुशास्त्रज्ञ आहेत. अवकाशयानांचे सांगाडे ज्यांपासून बनतात ते मिश्रधातू (दोन-तीन धातू एकत्र वितळवून केलेला नवा धातू) तयार करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते वाईला परतले आणि मेणवलीच्या रस्त्यालगत एक शेड घालून सायकलींच्या फ्रेम बनवू लागले. प्रयोगशाळेची जुनी भट्टी बंद झाली तेव्हा त्यांनी तिथून एकच गोष्ट मागून आणली होती, तिथल्या शेवटच्या धातूच्या नळ्यांचा एक संच. अख्खा संच मी एका हाताने उचलू शकते आणि बाबा त्यावर उभे राहिले तरी त्या वाकत नाहीत. अशा नळ्या आता कुणी बनवत नाही. एकदा त्या पितळेने झाळल्या (वितळलेला दुसरा धातू सांध्यात उतरवून पक्क्या केल्या) की विषय संपला. सांधा सोडवायला पुन्हा तापवाव्या, तर त्यांचा कणखरपणाच जातो.

तो संच आजोबांनी नऊ वर्षं कुणालाही दिला नव्हता. तो इरा आत्यासाठी होता, आणि त्यामागे एक जुनं दुखणं होतं.

आत्या आणि माझे बाबा, निषाद, जुळे. सतराव्या वर्षी दोघांची उंची अगदी सारखी, एकशे शहाऐंशी सेंटीमीटर. आजोबांनी दोघांना शर्यतीच्या सायकली घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने उंची विचारली, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि दोघांना सगळ्यांत मोठ्या साइझची एकेक सायकल दिली. महिन्याभरात बाबा पसरणीचा घाट हसत चढू लागले. आत्या मात्र रोज कमरेवर हात ठेवून परतायची. बोटांना मुंग्या यायच्या, मान आखडायची. ती म्हणायची, "अण्णा, सायकल मला लांब होतेय." आजोबा म्हणायचे, "निषादची उंची तुझ्याएवढीच आहे, सायकलही तीच आहे. तो कधी कुरकुरला का? सवय होईल." सवय झाली नाही. चार महिन्यांनी आत्याने सायकल माळ्यावर टाकली ती कायमची. घरात सगळे तिला नाजूक म्हणू लागले. तिला त्याचा फार राग येई, असं बाबा सांगतात.

ही नाजूक बाई पुढे अंतराळस्थानकावर गेली आणि चौदा महिने तिथे राहिली. आता ती शनिवारी घरी येणार होती. अशक्त झालेल्या पायांसाठी तिला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली होती. तिने वरून निरोप धाडला होता, "अण्णा, मला बसेल अशी एक सायकल बनवाल?" आजोबांनी तो कागदावर उतरवून शेडच्या दारावर चिकटवला होता.

मधल्या वर्षांत आजोबा सायकलींबद्दल पुष्कळ शिकले होते. शेडमध्ये कुणीही आलं की ते पहिल्यांदा बजावत, "उंची सांगू नका. पाय किती आणि पाठ किती, तेवढं मोजू." मलाही त्यांनी समजावून सांगितलं होतं. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. ही झाली पायलांबी. तिच्या साधारण अठ्ठ्याऐंशी टक्के वर, पॅडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून मोजून, सीट ठेवायची. सीट वरखाली करता येते, म्हणून तिथे थोडी चूक खपते. पण सीटवरून पुढे वाकल्यावर हात हँडलपर्यंत सहज पोचतात की ओढून न्यावे लागतात, हे पाठीवर आणि हातांवर अवलंबून असतं. ते अंतर म्हणजे फ्रेमची पोहोच, आणि ती नळ्यांतच पक्की झालेली असते.

पाठीसाठी ते बसकी उंची मोजत (स्टुलावर ताठ बसल्यावर सीटपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर). बाबांची पायलांबी ८७ आणि बसकी उंची ९८. आत्याचं माप मापाडीने सोमवारी स्थानकावरच्या कॅमेऱ्यांतून घेतलं होतं. पायलांबी ९१, बसकी उंची ९८.५.

आजोबांनी तो आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे पाठ निषादएवढीच आहे की तिची. मग तेव्हा दुखायचं काय कारण?" त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण पोरीला चुकीच्या सायकलवर बसवलं, आणि आता माप त्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं. त्या दिवशी ते चहा पिताना गुणगुणतही होते.

आणि मंगळवारी संध्याकाळी मी जाऊन सांगितलं की तुमचा मापाडी बिघडलाय.

आजोबा हसले. त्यांनी लाकडाचे पाच ठोकळे घेतले, भांडी घासायच्या स्पंजाचे तुकडे पाण्यात भिजवले आणि एक ठोकळा, एक स्पंज, असा मनोरा रचला. मग वर वीट ठेवली. स्पंजांतून पाणी ओघळलं आणि मनोरा बसका झाला.

"हे ठोकळे म्हणजे तुझे मणके," ते म्हणाले. "दोन मणक्यांच्या मध्ये अशी ओली गादी असते, तिला चकती म्हणतात. अशा तेवीस आहेत तुझ्या पाठीत. दिवसभर तू उभी असतेस, बसतेस, पळतेस. पृथ्वी तुला खाली ओढते आणि वरच्या अंगाचा भार या चकत्यांवर पडतो. थोडं थोडं पाणी बाहेर जातं आणि प्रत्येक चकती कणभर चपटी होते. रात्री आडवी झालीस की भार उतरतो, चकत्या पुन्हा पाणी ओढून घेतात. सकाळी तू पुन्हा पूर्ण."

"सगळ्यांचंच असं होतं?"

"सगळ्यांचं."

"आमच्या मुख्याध्यापकांचं पण?"

"पृथ्वी हुद्दा बघत नाही," आजोबा म्हणाले.

मी शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिले. रस्त्याने माणसं चालली होती. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी, दुधाच्या किटल्या लावलेला मोटरसायकलवाला, दप्तर ओढत चाललेली दोन मुलं. या सगळ्यांना पृथ्वी सकाळपासून हळूहळू दाबत होती आणि कुणाच्या गावीही नव्हतं. उद्या सकाळी ही सगळी पुन्हा उंच होऊन उठणार होती. रोज, सगळ्या जगात. बारा वर्षं मी हे करत होते आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात मापाडीने आठवण करून दिली की सात वाजून चार मिनिटांनी स्थानक वाईवरून जाणार आहे. रोज दिसलं की आम्ही ते पाहायचोच. आम्ही अंगणात आलो. पाचगणीच्या डोंगराच्या बाजूने एक तेजस्वी ठिपका निघाला आणि आवाज न करता आभाळ ओलांडू लागला. त्या ठिपक्यात माझी आत्या होती. तीही मनाने आता परतीच्या वाटेला लागली असेल.

"आजोबा," मी विचारलं, "आत्याच्या चकत्यांवर कोण दाबतं?"

"कुणीच नाही," ते ठिपक्याकडे बघत सहज म्हणाले. "स्थानक पृथ्वीभोवती फिरतं म्हणजे खरं तर ते सारखं पडतच असतं. फक्त इतक्या वेगाने पुढे जात असतं, की पडतापडता जमिनीला चुकवून जातं. आतली माणसंही त्याच्याबरोबरच पडत असतात, म्हणून त्यांना वजन जाणवत नाही. वजन नाही तर चकत्यांवर भार..."

ते थांबले. ठिपका डोंगराआड गेला तरी त्यांची मान वरच होती.

"मापाडी," ते हळू आवाजात म्हणाले, "एक्क्याण्णव आणि साडेअठ्ठ्याण्णव किती?"

"एकशे साडेएकोणनव्वद."

"आणि निषादचे?"

"सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव. एकशे पंच्याऐंशी."

बेरीज मलाही कळली. बाबा आणि आत्या उभे राहिले की सारखे. मग दोन्ही मापं मिळवल्यावर आत्या साडेचार सेंटीमीटरने मोठी कशी? आजोबांनी उंची विचारायचीच नाही असा नियम केला होता, म्हणून ही बेरीज कुणी केलीच नव्हती.

आजोबा घरात गेले आणि जुने फोटो उघडून बसले. एका फोटोत आत्या आणि बाबा शेजारी उभे होते, दोघांची डोकी एका रेषेत. दुसरा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीचा. दोघं शेजारीशेजारी मांडी घालून जेवत होते आणि आत्याचं डोकं बाबांच्या कपाळापर्यंतच येत होतं. पायांचा हिशोब जमिनीवर पसरला होता आणि उरली होती नुसती पाठ.

"बघ," ते म्हणाले. "सारखी उंची. पण हिची जास्त पायांत, त्याची जास्त पाठीत. तक्त्याने दोघांना एकाच मापात घातलं. हिच्या आखूड पाठीला ती सायकल खरंच लांब होती."

"आणि वरती तिची पाठ लांबली."

"हो. पायांची हाडं तेवढीच राहतात. चकत्या तेवढ्या फुगतात आणि कणा सरळ होतो. जे साडेचार वाढले ते सगळे पाठीत." त्यांनी चष्मा काढला. "मला माहीत होतं, ऋजू. यानांवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण सोयीचं माप हातात आलं की माणूस ते पुन्हा तपासत नाही."

"माप बरोबर होतं," मापाडी म्हणाला.

"बरोबर होतं रे. पण ते तिथलं होतं. सायकल इथं चालवायचीय."

मला धडकीच भरली. सकाळी त्या नळ्या झाळल्या असत्या तर आत्याला पुन्हा लांब सायकल मिळाली असती. तीच चूक, त्याच बापाच्या हातून, आणि नळ्यांचा दुसरा संच जगात नव्हता.

"मग साडेचार वजा करा आणि जोडा," मी सुचवलं.

"अंदाजाने एकदा करून झालंय," आजोबा म्हणाले आणि शेडमध्ये जाऊन त्यांनी झाळायच्या गॅसची टाकी बंद केली.

शनिवारी आत्या आली. गाडीतून उतरताना बाबांनी तिला धरलं होतं. ती पाय असे टाकत होती, जणू पायऱ्या मोजत चालली आहे. तिने शेडच्या दारातून आत पाहिलं. सायकल नव्हती. नळ्या धरून ठेवणारी लोखंडी चौकट रिकामी होती आणि टेबलावर न कापलेल्या नळ्या. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मी पाहिलं, आजोबांनीही पाहिलं.

त्यांनी काही लपवलं नाही. सोमवारचं माप, त्यांना झालेला आनंद, माझे आठ मिलिमीटर, सगळं सांगितलं. आत्या स्टुलावर बसून ऐकत होती.

"परतीच्या यानातली माझी खुर्ची मुद्दाम लांब केलेली होती, अण्णा," ती म्हणाली. "त्यांना ठाऊक होतं मी वाढणार ते. त्यांनी मला विचारून घेतलं होतं."

आजोबांनी मान खाली घातली. "मी या वेळी थांबणार आहे," ते म्हणाले.

मग आम्ही थांबलो. रोज संध्याकाळी साडेपाचला, आत्या अंगणात वीस फेऱ्या मारून आली की मापाडी तिची बसकी उंची मोजायचा आणि मी वहीत लिहायचे. वेळ बदलायची नाही, स्टूल बदलायचं नाही, फेऱ्या बदलायच्या नाहीत. नाहीतर फरक तिच्यातला की आमच्यातला, हे कळणार कसं? पहिल्या दिवशी ९६.६. दुसऱ्या दिवशी ९५.९. तिसऱ्या दिवशी ९५.४. माझ्या डोळ्यांदेखत एक धडधाकट मोठं माणूस रोज थोडं थोडं लहान होत होतं, आणि लहान होता होताच ते भक्कमही होत होतं. माप झाल्यावर ती आणखी दहा फेऱ्या मारू लागली. ती आता कुणाला न धरता जिना चढायला लागली.

"काय वाटतं गं आत्या?" मी विचारलं.

"वर असताना पाठ कुणी तरी उकलून ठेवल्यासारखी वाटायची," ती म्हणाली. "आता पृथ्वी मला परत घडी घालतेय. दुखतं थोडं. पण बरं वाटतं. कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटतं."

अकराव्या दिवशी ९४.०. बाराव्या दिवशी ९४.०. तेराव्या दिवशीही तेवढंच. आजोबांनी वही हातात घेतली, तीनही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि गॅसची टाकी उघडली.

फ्रेम तयार व्हायला सहा दिवस लागले. ती दिसायला थोडी विचित्रच होती. पायांसाठी उंच, पण पुढून आखूड. दुकानाच्या तक्त्यात असलं माप सापडलं नसतं. सीट पॅडलच्या आसापासून ऐंशी सेंटीमीटरवर बसवली. आत्या भिंतीला एका हाताने धरून वर बसली. आजोबांनी खाली बसून पाहिलं, पॅडल तळाला असताना तिचा गुडघा किंचित वाकलेला होता. मग ते म्हणाले, "आता हँडल धर. कोपर सैल ठेव. आणि हळूच दोन्ही तळवे उचल."

आत्याने तळवे उचलले. भिंत तिच्या कोपराला लागून होती, म्हणून तोल गेला नाही, आणि ती पुढेही कलंडली नाही. नुसती राहिली, पाठीच्या बळावर, आरामात.

"हातांवर भार नाही," आजोबा मला म्हणाले, पण पाहत होते तिच्याकडे. "पोहोच जास्त झाली की माणूस हातांवर लोंबकळतो. मग बोटांना मुंग्या येतात, मान आखडते, कंबर ओढली जाते."

"हे मी तुम्हाला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती हसतही नव्हती.

रविवारी सकाळी आठ वाजता ती निघाली. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाते, अर्ध्या तासात येते, असं सांगून गेली. अर्धा तास झाला. पाऊण झाला. आजोबांनी शेड झाडली. मग झाडलेली शेड पुन्हा झाडली. बाबा म्हणाले, गाडी काढू का, तर आजोबा नको म्हणाले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांना कसली भीती वाटत होती ते मला कळत होतं. ती कुठल्या तरी दगडावर कंबर धरून बसली असेल, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

सव्वानऊला ती वळणावर दिसली. घामाने भिजलेली, तोंड लालबुंद. फाटकाशी तिने पाय टेकला आणि धाप लागल्यामुळे काही बोलेना.

"पाठ?" आजोबांनी विचारलं.

तिने भुवया आक्रसल्या. एखादी वस्तू जागेवर आहे का ते चाचपावं तसा हात मागे कमरेवर नेला आणि तिथे ठेवला.

"विसरलेच होते मी," ती म्हणाली. "चौथ्या वळणापर्यंत गेले, अण्णा. मला पाठ आहे हे विसरूनच गेले होते."

आजोबांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा तुझंच खरं होतं, इरा. मी तुझं न ऐकता तक्त्याचं ऐकलं."

आत्याने मान हलवली. नाही म्हणायला नव्हे, ऐकलं म्हणून. मग तिने सायकल फाटकाला टेकवली आणि खाली ओट्यावर बसली. बाबांनी पाणी आणून दिलं.

"दोन वर्षांनी चंद्रावरची वसाहत सुरू होतेय," ती पाणी पिऊन म्हणाली. "कुटुंबं जाणार आहेत. ऋजूएवढी पोरं असतील. तिथे वजन इथल्या सहाव्या हिश्शाएवढं. ती पोरं कशी वाढतील, पाय किती, पाठ किती, कुणालाच सांगता येत नाही. तिथे चाकं लागतील, खुर्च्या लागतील, बूट लागतील. सगळं नव्याने मोजावं लागेल."

माझ्या डोक्यात लगेच वहीचे रकाने पडायला लागले. माप कुठे घेतलं, किती वाजता घेतलं, त्याआधी ते मूल काय करत होतं.

"मी मोजीन," मी म्हटलं.

"मोज," आजोबा म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. एखादं पोर येऊन म्हणालं की दुखतंय, तर आधी त्याचं खरं मानायचं. मोजायचं त्यानंतर."

आत्याने हेल्मेट काढलं, ओट्यावर थोडी बाजूला सरकली आणि आजोबांना शेजारी जागा करून दिली.